चोवीस डबे आणि पाणी सुटलेलं पुडिंग

"वयनी, खोकाच खराब आलाय. चहा फाटला, पुडिंगला पाणी सुटलं, आणि दूध तरी पांढरं आहे का, तर तेही नाही. मी सगळे डबे टाकून देते."

मे महिन्यातला गुरुवार, सकाळचे साडेसात. फोनवर फोंड्याजवळच्या बांदोड्याची माझी धाकटी जाऊ. रविवारी संध्याकाळी तिच्या नातवाचा पहिला वाढदिवस, साठ माणसं यायची. आमच्या मधल्या दिरांनी मस्कतहून कार्गोनं एक खोका पाठवला होता, त्यात आटवलेल्या दुधाचे २४ डबे. दीर स्वतः गणपतीच्या चवथीला येणार. इथे आल्यावर आपल्या चहाची आबाळ नको म्हणून डबे आधीच पुढे पाठवलेले. घरात २४ डबे पडून असताना मिल्कमेड विकत कशाला आणायचं, हे कुठल्याही गृहिणीच्या मनात येईल, तसं जावेच्याही आलं.

मी तीस वर्षं उच्च माध्यमिकला गृहविज्ञान शिकवलं. त्यामुळे घराण्यात कुठेही काही फाटलं, नासलं, करपलं की फोन मला. तिला म्हटलं, "मी येईपर्यंत एकही डबा टाकू नकोस. चहा आणि पुडिंगही तसंच ठेव."

"चहा ओतला. पुडिंग आहे."

पणजीहून फोंड्याची बस धरली. वाटेत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. तीन तक्रारी आणि त्यांचं एकच कारण, असं स्वयंपाकघरात क्वचितच असतं. खोका खराब असेलही, पण खराब डब्यातलं दूध आधी चहा फाडेल आणि मग पुडिंग बिघडवेल, रंगही बदलेल, इतकं साग्रसंगीत काम एकटं सहसा करत नाही.

खोक्यात काय होतं

पहिलं काम म्हणजे सगळे डबे जेवणाच्या टेबलावर मांडणं आणि चष्मा लावून वाचणं. प्रत्येक डबा ४१० ग्रॅमचा. तारीख सगळ्यांची पुढच्या वर्षाची. फुगलेला एकही नाही. डब्याचं झाकण किंवा बूड बाहेर आलेलं दिसलं, तर तो चाखून बघायच्या फंदात न पडता सरळ टाकायचा असतो. एका डब्याच्या जोडावर गंज खोल गेलेला होता आणि त्याचा कागद ओलसर लागत होता. तो बाजूला काढला. आमच्या हवेत खारटपणाही आहे आणि दमटपणाही. पत्र्याचा डबा पावसाळाभर फळीवर ठेवला की कडेला तांबूस डाग येतात. पुसून जाणारा डाग चालतो, नखाला खड्डा लागला तर नाही.

वाचता वाचता दुसरी गोष्ट सापडली, जी जावेनं पाहिली नव्हती. २४ डबे दोन जातींचे होते. १८ डब्यांवर नुसतं 'इव्हॅपोरेटेड मिल्क' लिहिलेलं. घटक: दूध, स्टॅबिलायझर म्हणून ई ३३९ आणि ई ४०७, ड जीवनसत्त्व. उरलेल्या सहांवरही तशीच हिरवळ आणि तशीच गाय, पण नावात एक शब्द जास्त, 'फिल्ड', आणि घटकांत साय काढलेलं दूध आणि पाम तेल. म्हणजे दुधातलं लोणी काढून त्या जागी वनस्पतीची चरबी भरलेली. ही काही चोरी नव्हे. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत पहिल्या प्रकाराचं मानक १९७१ पासून आहे आणि दुसऱ्याचं वेगळं मानक २००६ पासून. पण गाईचं चित्र बघून दोन्ही डबे एकाच कामाला लावायचे नसतात. मी सहा डबे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवले.

जावेची सून, जिच्या हातचं ते पुडिंग, ती मघापासून गप्प उभी होती. तिनं विचारलं, "काकी, हे म्हणजे मिल्कमेडच ना? फक्त साखर कमी?"

प्रकरणाचं मूळ इथंच होतं, आणि तिचं फारसं चुकलेलंही नव्हतं.

आपल्याकडे दूध आटवणं नवीन नाही. बासुंदीला आटवतो, रबडीला आटवतो, खवा करतो तो आटवून आटवूनच. हा डबा त्याच वाटेवरचा, पण बासुंदीच्याही अलीकडे थांबलेला. दुधातलं साधारण ६० टक्के पाणी काढलेलं असतं. हा आकडा ऐकून सगळे एक चूक करतात: लिटराचं ४०० मिली उरलं असं धरतात. तसं नाही. एक किलो दुधात पाणी असतं साधारण ८७५ ग्रॅम. त्यातलं ६० टक्के, म्हणजे ५२५ ग्रॅम गेलं, उरलं ४७५. थोडक्यात दूध निम्म्यावर आलं. म्हणून त्यात तेवढंच पाणी मिसळलं की पुन्हा साधारण मूळच्या दुधाइतकं होतं. कोडेक्सच्या मानकात या दुधात किमान ७.५ टक्के स्निग्धांश आणि एकूण किमान २५ टक्के दुधाचे घन पदार्थ हवेत. साखर अजिबात नाही. जिभेला जो किंचित गोडवा लागतो तो दुधातलीच साखर, म्हणजे लॅक्टोज, दाट झाल्याचा.

मिल्कमेडच्या जातीचं दूध, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, हेही आटवलेलंच, पण त्यात साखर इतकी की तीच ते टिकवून ठेवते. मुरांब्यात जे होतं तेच. गेल बोर्डन यांनी अमेरिकेत १८५६ साली दूध आटवण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे साखर घातलेल्या डब्यांचा धंदा उभा राहिला. साखरेशिवाय दूध टिकवणं मात्र तितकं सोपं नव्हतं. योहान मायनबर्ग नावाच्या स्विस माणसानं डबा बंद केल्यावर आतल्या दुधासकट तो वाफेच्या दाबाखाली तापवायची रीत काढली. ज्या कंपनीत तो होता तिला त्यात रस वाटला नाही. तो अमेरिकेला गेला, १८८४ साली पेटंट घेतलं आणि १८८५ पासून इलिनॉयमधल्या हायलंड गावात या डब्यांचा कारखाना सुरू झाला. आजही तत्त्व तेच: डबा बंद करून सुमारे ११५ ते ११८ अंश सेल्सिअसला १५-२० मिनिटं.

इतक्या तापमानाला दाट दूध डब्यातच थिजून वडी व्हायला हवं. तसं होऊ नये म्हणून आटवण्याआधीच ते एकदा चांगलं तापवतात, शिवाय फॉस्फेटचे क्षार घालतात. तो ई ३३९ म्हणजे हेच. ई ४०७ म्हणजे कॅराजीनन, समुद्री शेवाळापासून काढलेलं. ते साय आणि घट्ट भाग खाली-वर होऊ देत नाही. घरच्या बासुंदीला साय धरते, या दुधाला धरत नाही, कारण त्यातल्या चरबीचे थेंब यंत्रानं बारीक फोडून सगळीकडे सारखे पसरवलेले असतात.

एवढं सांगून झाल्यावर एकेक तक्रार घेतली.

रंग

ही सगळ्यात सोपी. एवढ्या उष्णतेत दुधातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी भिडतात आणि रंग सायीसारखा पिवळट, किंचित बदामी होतो. खरपूस वासही त्याचाच. पेढ्याचा खवा परतताना जे घडतं त्याचीच ही हलकी छटा. डबा जितका जुना आणि जितक्या उकाड्यात ठेवलेला, तितका रंग गडद. जावेला हे पटलं, पण "वास मात्र डब्याचा येतो" यावर ती ठाम राहिली. येतो. मलाही येतो. ज्यांना निरसं दूध तोंडाला लावायची सवय आहे त्यांना हे दूध नुसतं प्यायला देऊ नये. वेलची, जायफळ, जळवलेली साखर, कडक चहा यांच्या संगतीत तो वास दोष न राहता चव होतो.

चहा

चहाची गोष्ट उलगडायला थोडे प्रश्न विचारावे लागले. डबा कधी फोडला? काल रात्री. कुणी? सुनेनं, पुडिंग करायच्या आधी, चव बघायला म्हणून. झाकणाला दोन भोकं पाडली, चमचाभर काढलं, वर वाटी पालथी घातली आणि डबा टेबलावर राहिला. फ्रिजमध्ये का नाही? "मिल्कमेडचा उघडा डबा बाहेर राहतो की."

तो राहतो, कारण त्यात साखर पाळत ठेवून असते. या डब्याला सांभाळणारं फक्त ते बंद झाकण असतं. एकदा भोक पडलं की हे साधं दूध, आणि तेही दुप्पट दाट, जंतूंना दुप्पट पौष्टिक. मे महिन्याची रात्र, पंख्याखालीही उकडत होतं, नऊ तास. पहाटेपर्यंत त्यात आंबटपणा शिरला होता. नाकाला अजून कळत नव्हता, पण उकळत्या चहाला कळला.

तरीही मी आणखी एक शक्यता तपासली. चहात आलं होतं. ताज्या आल्यात दूध फाडणारं विकर असतं. आलं पाण्यात नीट उकळलं नाही आणि दुधाबरोबरच किसून टाकलं, तर चांगलं दूधही फाटतं. म्हणून नवा डबा फोडला, तीच पावडर, तेच आलं, त्याच पद्धतीनं चहा केला. फाटला नाही. उलट दाट, तपकिरी, आखाती हॉटेलातल्या करक चहासारखा झाला. सासूबाईंनी अर्धा कप जास्त मागितला. आल्याची सुटका झाली, दोष रात्रभर टेबलावर राहिलेल्या डब्याचा ठरला. तो डबा ओतून टाकला.

नव्या डब्यातलं उरलेलं दूध स्टीलच्या झाकणाच्या डब्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवायला लावलं. माझी मर्यादा तीन दिवस. पत्र्याच्याच डब्यात ठेवू नये. फ्रीजरमध्येही नको, कारण वितळल्यावर कणी धरते.

पुडिंगचा हिशोब

आता ज्यासाठी मी आले होते ते. पुडिंग फ्रिजमधून बाहेर आलं. झाकणाचा ॲल्युमिनियमचा साचा, आमच्याकडे घरोघरी असतो तसलाच. ताटात उलटं केलं, तर कडेनं फिकट पाणी वाहिलं, आणि सुरीनं कापल्यावर आतून जाळी, ढोकळ्याला असते तशी. मध्यभागी मात्र थोडं ढिलं. गोडी बेताचीच.

वहीतली कृती जावेच्या आईची, हे अख्खं घराणं ती जाणतं: मिल्कमेडचा एक डबा, अर्धा लिटर दूध, चार अंडी, व्हॅनिला. पाऊण तास वाफ. सुनेनं मिल्कमेडच्या जागी हा डबा घातला, बाकी सगळं तसंच. साखर नाही हे चव घेऊन कळलंच होतं, म्हणून अंदाजानं सहा चमचे घातली.

मी वहीच्या मागच्या पानावर दोन डब्यांचा जमाखर्च मांडला. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये दुधाचा घन भाग साधारण ११५ ग्रॅम, साखर १७५ आणि पाणी ११०. या ४१० ग्रॅमच्या डब्यात दुधाचा घन भाग साधारण १०५, साखर शून्य आणि पाणी ३०५.

दोघी त्या कागदाकडे बघत राहिल्या. मलाही हा हिशोब दर वेळी गंमतीचा वाटतो. दोन्ही डब्यांत दूध जवळपास सारखंच आहे! फरक एवढाच की एकात पावणेदोनशे ग्रॅम साखर आहे आणि दुसऱ्यात त्या जागी जवळजवळ २०० ग्रॅम जास्तीचं पाणी. म्हणजे एकाऐवजी दुसरा वापरायचा तर दोन दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि लोक बहुतेक वेळा एकच करतात. साखर घालायचं सुचतं, कारण ती जिभेला कळते. कृतीतलं २०० मिली दूध कमी करायचं सुचत नाही, कारण जास्तीचं पाणी डोळ्याला दिसत नाही.

सुनेच्या पुडिंगमध्ये चार अंड्यांना २०० ग्रॅम जास्तीचं पाणी धरून ठेवायचं होतं. ते त्यांना झेपलं नाही. शिवाय साखर निम्म्याहून कमी पडलेली. साखर केवळ गोडीसाठी असते असा समज असतो, पण अंड्याच्या पुडिंगमध्ये तिचं एक काम वाफेच्या भांड्यातही चालतं: अंड्याची प्रथिनं घट्ट व्हायला लागतात ते तापमान ती वर ढकलते. साखर कमी, म्हणजे पुडिंग लवकर बसणार. सुनेनं मात्र पाऊण तास, तोही मोठ्या आचेवर, वाफ दिली. कडा कधीच बसून पुढे कडक होत गेल्या, प्रथिनांची जाळी आकसली आणि तिनं धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकलं. मधला भाग मात्र जास्तीच्या पाण्यामुळे बसायला रेंगाळला. एकाच साच्यात कडेला जास्त शिजलेलं आणि मधे कमी शिजलेलं पुडिंग हे असं तयार होतं. डब्याचा यात काडीचा दोष नव्हता.

त्याच दुपारी दुसरा प्रयोग केला. डबा एक, दूध ३०० मिली, साखर १७५ ग्रॅम, अंडी चार. साखर कोमट दुधात विरघळवून घेतली, अंडी फेस न करता फक्त फोडून हलवली, सगळं गाळलं. जळवलेली साखर वेगळी, साच्याच्या तळाला. व्हॅनिलाऐवजी जायफळ, कारण डब्याच्या खरपूस वासाला जायफळ जास्त मानवतं असं माझं मत आहे, आणि सुनेचं नाही. साच्याच्या झाकणाखाली फडकं बांधलं, म्हणजे वाफेचं पाणी आत ठिबकणार नाही. मोदकपात्रातलं पाणी उकळायला लागलं की आच बारीक. पस्तिसाव्या मिनिटाला साचा हलकेच हलवून पाहिला: कडा स्थिर, मध्यावर दह्यासारखी थरथर. बंद. ती थरथर गार होताना आपोआप बसते. भांड्यावरच ती थांबायची वाट पाहिली की जाळी ठरलेली.

रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं. शुक्रवारी सकाळी उलटं केलं, तर पाण्याचा थेंब नाही, फक्त साखरेचा रस. मला ते थोडं जास्त गोड वाटलं, १५० ग्रॅम साखर पुरली असती. पण वाढदिवस एक वर्षाच्या मुलाचा आणि खाणारे सगळे आजोळ-पाजोळचे. १७५ च राहिली.

वाटीतले प्रयोग

एकदा डबे चांगले ठरल्यावर जावेचा हुरूप असा वाढला की तिला सगळीकडे तेच दूध दिसायला लागलं. नारळ महाग झालेत, तर सोलकढीला थोडं हे घालूया का? आणि मणगण्याला, म्हणजे चण्याची डाळ, गूळ आणि नारळाच्या रसाच्या खिरीला?

सासूबाई झोपाळ्यावरून म्हणाल्या, "मणगण्याक नाल्लाचोच रोस जाय." म्हणजे मणगण्याला नारळाचाच रस हवा. खरं तर विषय तिथंच संपायला हवा होता, पण मी तीन वाट्या मांडल्या. फ्रिजमधलं उरलेलं दूध होतंच.

पहिल्या वाटीत चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस. क्षणात पांढऱ्या गुठळ्या आणि गुलाबी पाणी. दुसऱ्यात गूळ घालून तापवलं. उकळी यायच्या सुमारास कडेला बारीक कणी दिसली. तिसऱ्यात गूळ वेगळा वितळवून, दोन्ही गार करून मिसळलं, ते टिकलं. हे दूध उष्णतेला कणखर आहे, डब्यात ११५ अंशांतून पार पडलंय ते. आंबटासमोर मात्र ते कुठल्याही गाईच्या दुधाइतकंच हळवं, किंबहुना थोडं जास्तच, कारण एवढं तापल्यानं ते मुळातच ताज्या दुधापेक्षा जरा आंबटाकडे झुकलेलं असतं. आंबट लागलं की गाईच्या दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं. नारळाच्या रसात केसीन नाही, म्हणून तो सोलांशेजारी आणि गुळाच्या संगतीत नांदतो. तोही जोरात उकळला तर फुटतो, ते आपल्याला माहीत असतंच. पण त्याचं फुटणं वेगळं आणि याचं वेगळं.

सोलकढी नारळाचीच झाली. मणगणें झालंच नाही.

याच सुमारास सुनेनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला: बंद डबा पाण्यात तीन तास उकळायचा, आत आपोआप दाट कॅरॅमल तयार. तो कंडेन्स्ड मिल्कचा खेळ आहे, त्यातल्या साखरेमुळे जमतो. या डब्यात साखर नाही, आतलं पाणी बाहेर जायला वाट नाही, दूध फार तर आणखी तपकिरी होईल. शिवाय भांड्यातलं पाणी आटलं आणि डबा फुटला तर स्वयंपाकघराची भिंत आणि आपण, दोघांनाही ते महागात पडतं. कंडेन्स्ड मिल्कचाही तसा करू नये, असं मी तिला जरा मास्तरणीच्या आवाजातच सांगितलं.

तिचा पुढचा प्रश्न जास्त कामाचा होता. हे डबे संपले, आणि कुठल्या कृतीत हेच दूध मागितलं तर? दोन वाटा आहेत. गोवा डेअरीचं किंवा कुठलंही साईसकटचं दूध रुंद पातेल्यात मंद आचेवर निम्म्यावर आणायचं, सतत ढवळत, आणि साय धरलीच तर मिक्सरमधून फिरवायचं. नाहीतर साईसकट दुधाची पावडर १०० ग्रॅम आणि कोमट पाणी ३०० मिली. इथं एक खाच आहे. दुकानात 'दूध पावडर द्या' म्हटलं की पुष्कळदा चहात घालायची डेअरी व्हाइटनर हातात पडते, आणि तिच्या बऱ्याच पाकिटांत साखर मिसळलेली असते. पाकीट उलटं करून घटक वाचायचे, मग पैसे द्यायचे.

रविवार

साठ माणसांपैकी बारा जण अंडं न खाणारी. त्यांच्यासाठी शेवयांची खीर याच दुधाची केली, आणि खरं सांगायचं तर सगळ्या प्रकरणात डब्याचा सर्वांत चोख उपयोग तिथं झाला. शेवया तुपात भाजून ७०० मिली पाण्यात शिजवल्या, साखर घातली, आणि शेवटी दोन डबे दूध ओतून फक्त एक कढ आणला. एरवी खिरीला दूध आटवायला अर्धा-पाऊण तास उभं राहावं लागतं. इथं ते काम कारखान्यानं आधीच करून ठेवलेलं. आच मात्र बारीकच हवी आणि हात चालता हवा. दाट दूध तळाला लवकर धरतं, आणि या दुधाला करपल्याचा वास लागला की तो वेलचीनंही झाकत नाही.

अठ्ठेचाळीस जणांच्या पुडिंगसाठी चार घाणे, प्रत्येक साच्याचे बारा तुकडे. साचे दोनच, म्हणून शनिवारी संध्याकाळी दोन आणि रात्री दोन. शेवटचा साचा फ्रिजमध्ये गेला आणि पाच मिनिटांत लाईट गेली. दीड तास. जाऊ दर दहा मिनिटांनी फ्रिजचं दार उघडून बघायला निघायची आणि मी तिला परत बसवायची. दार बंद राहिलं, पुडिंग वाचली.

चारांपैकी तीन घाणे साच्यातून सुरेख सुटले. चौथा, जो सुनेनं मी पाठ फिरवल्यावर 'अजून दोन मिनिटं' म्हणत सात मिनिटं जास्त ठेवला होता, त्याला कडेनं बारीक जाळी पडलीच. तो आम्ही स्वयंपाकघरातल्या माणसांनी खाल्ला. पाहुण्यांना चहा पाम तेलवाल्या दोन डब्यांचा दिला. कडक चहात दोन्हीतला फरक कुणाला कळला नाही, मलाही नाही. खिरीत मात्र तो मी वापरू दिला नसता.

सोमवारी सकाळी मोजदाद केली. बिघडलेल्या पुडिंगला एक. सुनेनं चवीसाठी फोडलेला आणि रात्रभर उघडा राहिलेला तोच डबा होता का, हेही विचारून घेतलं: नाही, तो वेगळा. म्हणजे वाया गेलेले दोन. चहाच्या आणि वाट्यांच्या प्रयोगाला एक, दुसऱ्या पुडिंगला एक, वाढदिवसाच्या पुडिंगला चार, खिरीला दोन, पाहुण्यांच्या चहाला दोन, गंजलेला एक. तेरा गेले, अकरा उरले: सात खऱ्या दुधाचे, चार पाम तेलाचे.

मस्कतहून दिरांचा फोन आला, वाढदिवस कसा झाला विचारायला, आणि मग हळूच, डबे नीट पोचले ना.

"पोचले, भावजी. सगळे चांगले निघाले," जाऊ म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं सात डबे पुसून आतल्या फळीवर लावले. पाम तेलाचे चार पुढे ठेवले आणि त्यांवर मार्करनं लिहिलं: भावजींचा चहा.